घर महाग नाही, घराखालची जागा महाग आहे

मागच्या रविवारी भाचा घरी आला तो वही घेऊनच. सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत सुपरवायझर आहे, पगार हातात २८ हजार येतो, बायको एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते तिला १४ हजार, म्हणजे दोघांचे मिळून ४२ हजार. विश्रामबागच्या पलीकडं एका नव्या बिल्डिंगमधला टू बीएचके बघून आले होते, किंमत ४२ लाख. चहा समोर गार होत होता आणि हा वहीत आकडे खोडून परत लिहीत होता. शेवटी म्हणाला, "मामा, लग्न झालं तेव्हा असाच फ्लॅट अठ्ठावीसला मिळत होता, तेव्हा पगार कमी म्हणून थांबलो. आता पगार वाढलाय तर फ्लॅट अजून पुढं गेलाय. हे असं का होतंय सांगा की."

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात एस्टिमेट काढायचं काम करतो, बावीस वर्षं झाली, त्यामुळं पोरांना वाटतं मामाला सगळं माहिती. त्या दिवशी मी अर्धवटच उत्तर दिलं आणि ते मनाला लागून राहिलं. कारण हा प्रश्न एकट्या भाच्याचा नाही, लंडनमधला नर्स आणि टोरांटोमधला मास्तर पण हेच विचारतोय. म्हणून जेवढं मला समजलंय तेवढं सलग लिहून काढतो.

आधी मोजायचं कसं ते बघू. घर परवडतंय का नाही हे नुसत्या किमतीवरून कळत नाही, घरातल्या सगळ्यांची मिळून वर्षाची कमाई घ्यायची आणि घराची किंमत तिच्या किती पट आहे ते बघायचं. जगभरातल्या शहरांची तुलना करणारे एक ढोबळ माप वापरतात, तीन पटीपर्यंत असेल तर परवडणारं आणि पाच पटीच्या वर गेलं की अजिबात न परवडणारं. हाँगकाँगचा हा आकडा २०२१ साली २३ च्या वर गेला होता, म्हणजे मधल्या परिस्थितीतल्या कुटुंबानं खाणंपिणं सोडून सगळा पगार घराला लावला तरी तेवीस वर्षं. आता भाच्याचं बघा, महिन्याला ४२ हजार म्हणजे वर्षाला ५ लाख ४ हजार, फ्लॅट ४२ लाखाचा, म्हणजे साडेआठ पटीच्या जवळ. सांगलीत! आपण म्हणतो मुंबईपुण्यात घरं महाग, आपल्याकडं काय स्वस्तच आहे, पण आपल्याकडं पगार पण सांगलीचाच आहे की.

बँकेचं गणित तर अजून कडक आहे. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानं घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं, म्हणजे ३३ लाख ६० हजार बँक देणार आणि ८ लाख ४० हजार आपले, त्यावर स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, वकील, लाईट मीटर धरून अजून तीन लाखांच्या आसपास, म्हणजे साडेअकरा लाख रोख हातात पाहिजेत. आणि त्या कर्जाचा साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता येतो २९ हजारांच्या थोडा वर. ४२ हजारांत २९ हजार हप्ता कोण भरणार, आणि बँक तरी कशी देणार, साधारण निम्म्या पगाराच्या वर हप्ता जायला लागला की त्या हात आखडतात. वीस वर्षांत बँकेला एकूण ७० लाख जातात ते वेगळंच. आणि तोच फ्लॅट भाड्यानं घेतला तर दहा हजार. हा फरक लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

आता मूळ प्रश्न, ४२ लाख कशाचे? हे मात्र मी छातीठोक सांगू शकतो कारण रोजचं काम आहे. त्या फ्लॅटचं सगळं बांधकाम, जिना-पॅसेजचा वाटा धरून, ९०० चौरस फूट धरलं आणि आमच्याकडच्या आत्ताच्या दरानं २,१०० रुपये फूट लावलं तर होतात १९ लाखाच्या आसपास. ह्यात सळई, सिमेंट, वाळू, विटा, गवंडी, सेंट्रिंगवाला, प्लंबर, फरशी, रंग सगळं आलं. उरलेले तेवीस लाख म्हणजे जागा, परवानग्या, बिल्डरनं काढलेल्या कर्जाचं व्याज आणि त्याचा नफा, आणि ह्यातला मोठा घास जागेचा. तोच फ्लॅट पुण्यात कोथरूडला न्या, किंमत काही पटींनी वाढेल, पण सिमेंटचं पोतं काय तिथं तिप्पट महाग मिळत नाही, गवंड्याची हजेरी थोडी जास्त असेल एवढंच. मुंबईत दादरला न्या, अजून वाढेल. वाढतं ते सगळं जमिनीत जातं. वीट काही वर्षांपूर्वी होती तशीच आहे, किंबहुना घर जुनं होतं तसं ते झिजतं, त्याची किंमत उतरायला पाहिजे. तरी तीस वर्षांचा जुना गळका बंगला कोटीला जातो तेव्हा गिऱ्हाईक बंगला घेतच नसतो, तो पाडायचंच ठरवून आलेला असतो.

आणि जमिनीचा भाव ठरतो कसा, तर उलटीकडनं. लोकांना वाटतं शेतकऱ्यानं जागा महाग दिली म्हणून फ्लॅट महाग झाला. आमच्या ऑफिसात बिल्डर येतो तेव्हा तो पहिल्यांदा विचारतो की ह्या भागात फ्लॅट केवढ्याला खपेल, मग त्यातनं बांधकाम वजा, व्याज वजा, नफा वजा, जे उरेल तेवढं तो जागेला द्यायला तयार होतो, आणि जागामालकालाही हे गणित आता तोंडपाठ आहे. म्हणजे उद्या सगळ्यांचे पगार वाढले, बँकेनं जास्त कर्ज दिलं, सरकारनं सबसिडी दिली, तर फ्लॅट खपायचा भाव वाढतो आणि ती सगळी वाढ शेवटी जागेच्या भावात जाऊन बसते. भाच्याला वाटलं पगार वाढला की आपण घराच्या जवळ जाऊ, पण त्याच्या बरोबरीच्या सगळ्यांचेच पगार वाढले होते आणि सगळे त्याच तेवढ्याच जागांच्या मागं होते.

तेवढ्याच जागा, हा खरा मुद्दा. जमीन तयार करता येत नाही हे खरं, पण एका जमिनीवर किती घरं बांधायची हे माणसाच्याच हातात आहे, आणि बहुतेक मोठ्या शहरांनी ते फार आवळून ठेवलंय. आपल्याकडं त्याला एफएसआय म्हणतात, म्हणजे हजार फुटाच्या प्लॉटवर एक एफएसआय असेल तर सगळे मजले मिळून हजार फूटच बांधता येणार. मुंबई शहरात १९९१ च्या नियमात हा १.३३ होता, एवढ्या माणसांच्या शहरात! नंतर वेगवेगळ्या सवलतींनी वाढला, पण सवलत म्हणजे परत अर्ज आणि प्रीमियम, आणि ते सगळं शेवटी फ्लॅट घेणाऱ्याच्याच बिलात. लंडनच्या भोवती हरितपट्टा ठेवलाय, तिथं नवीन घरं बांधायला जवळजवळ बंदीच. कॅलिफोर्नियात तर कित्येक शहरांत निवासी जमिनीतल्या बहुतेक भागावर एका प्लॉटला एकच कुटुंबाचं घर असा नियम वर्षानुवर्षं होता, आणि तिथं जगातल्या सगळ्यात मोठ्या पगाराच्या कंपन्या आल्या, मग दुसरं काय होणार होतं.

ह्याच्या उलट टोकियो. एवढं अवाढव्य शहर, पण कुठल्या झोनमध्ये काय बांधायचं ह्याचे नियम जपानमध्ये देशपातळीवर ठरतात, गल्लीतल्या शेजाऱ्यांनी आक्षेप घेतला म्हणून नियमात बसणारी बिल्डिंग अडत नाही. वर्षाला लाखाच्या वर नवीन घरं त्या एका शहरात तयार होत राहिली आणि तिथली भाडी कित्येक वर्षं फारशी हललीच नाहीत. हल्ली मधल्या भागातले नवे फ्लॅट तिथंही चढलेत, पण साध्या पगाराचा माणूस अजून स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर छोटी खोली घेऊन राहू शकतो. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडनं २०१६ ला निवासी जागेच्या जवळजवळ तीन चतुर्थांश भागात जास्त घरं बांधायला मोकळीक दिली, त्यानंतर एका बंगल्याच्या जागी चार-सहा जोडघरं उभी राहायला लागली, बांधकामाचे परवाने भराभर वाढले. घरं स्वस्त झाली असं नाही म्हणणार मी, पण बांधायला दिलं की बांधलं जातं एवढं तिथं दिसलं.

आता सांगलीवर येतो, कारण आपल्याकडं जागा आवळणारी गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे कृष्णामाई. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे सांगलीकराला नव्यानं सांगायला नको. २००५ झाला, २०१९ झाला, २०२१ ला परत आलं. मग नकाशावर दोन पूररेषा, नदीच्या जवळची निळी आणि तिच्या बाहेरची लाल. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम नाही, निळ्या आणि लालच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर न्यायच्या अटीवर. नियम बरोबरच आहे, मी त्याच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. पण त्यानं होतं काय, की उंचावरची, कधी पाणी न आलेली जागा शहरात मोजकीच, आणि ज्याला परवडतं तो प्रत्येकजण तिकडंच धावतो, २०१९ नंतर तर घर बघायला आलेला माणूस किचन बघायच्या आधी विचारतो, इथं पाणी आलेलं का?

आणि ज्याला परवडत नाही तो कुठं जातो? तो गुंठेवारीत जातो. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. शेतजमिनीचे एकेक दोनदोन गुंठ्याचे तुकडे पाडून विकायचे, गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एनए म्हणजे बिनशेती परवानगी नाही, मंजूर ले-आऊट नाही, १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळं सरळ खरेदीखत होत नव्हतं म्हणून मग स्टॅम्प पेपरवर नोटरी करून व्यवहार. हमाल, रिक्षावाले, शाळेतले शिपाई, हळदीच्या पेठेत काम करणाऱ्या बायका, ह्या सगळ्यांनी अशीच घरं केली सांगलीत. हप्त्याहप्त्यानं जागेचे पैसे फेडले, मग एक खोली, मग दहा वर्षांनी दुसरी, मग वर पत्रा. ह्याला लोक अतिक्रमण म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. त्यांनी फुकट काही घेतलेलं नाही, घाम गाळून पैसे मोजलेत, फक्त कायद्याच्या बाजारात त्यांच्या ऐपतीचं घरच नव्हतं. सरकारनं २००१ ला गुंठेवारी कायदा करून हे नियमित करायचा रस्ता काढला, २०२१ ला मुदत पुढं वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट त्यात घेतले. म्हणजे वीस वर्षांनी परत तोच प्रश्न समोर उभा होता, कारण मधल्या वीस वर्षांत पण परवडणारी कायदेशीर जागा कुणी तयार केलीच नव्हती.

शामरावनगरच्या बाजूला माझी चुलत मावशी राहते. तिच्या घरात गेलात तर लाईटची बटणं डोक्याच्या वर आहेत, पोरांना बटण दाबायला स्टूल लागतं. २०१९ ला पाणी बोर्डात शिरलं तेव्हा सगळं वायरिंग वर उचललं. जोतं दोनदा वाढवलं, त्यामुळं दारं बुटकी झालीत, आत जाताना वाकावं लागतं आणि मावशी प्रत्येकाला सांगते, डोकं सांभाळ. शेजाऱ्यानं नवीन बांधताना जोतं हिच्यापेक्षा दोन फूट वर घेतलं, आता त्याच्या अंगणातलं पावसाचं पाणी हिच्या दारात येतं, म्हणून ही परत भर टाकायचा विचार करतेय. नदीचा पूर लांब राहिला, साधा जोराचा पाऊस झाला तरी गल्लीत गुडघाभर पाणी, कारण प्लॉट पाडणाऱ्यानं गटारीला आणि नाल्याला जागाच ठेवली नव्हती. मी एस्टिमेट काढणारा माणूस, मी एकदा बसून मावशीच्या घराचा हिशोब केला. भर, जोतं, वायरिंग, दोनदा बुडालेला फ्रीज, कपाटं, पंधरा दिवस पाहुण्यांकडं राहिलेले दिवस, बुडालेली मजुरी, हे सगळं धरलं तर त्या स्वस्त गुंठ्याची किंमत त्यावेळच्या मंजूर ले-आऊटमधल्या प्लॉटच्या वर जाते. फक्त ती एकदम न भरता थोडी थोडी, दर पावसाळ्याला भरली एवढंच.

जागेनंतर दुसरी गोष्ट व्याज. हे पटकन सांगतो कारण गणित सोपं आहे. समजा तुम्ही महिन्याला २० हजार हप्ता भरू शकता. साडेनऊ टक्के व्याज असेल तर वीस वर्षांसाठी साधारण साडेएकवीस लाख कर्ज मिळतं, व्याज सात टक्क्यांवर आलं की त्याच हप्त्यात पावणेसव्वीस लाखाच्या वर मिळतं. तुमचा पगार तोच, पण तुम्ही चार लाख जास्त मोजायला तयार, आणि तुमच्यासारखे सगळेच तयार, मग भाव तेवढा वर सरकतो. कोरोनात रिझर्व्ह बँकेनं रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवर आणला होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा झाला, पण चढलेले भाव काही खाली आले नाहीत, हप्ता मात्र वाढला, आपली बहुतेक कर्जं बदलत्या व्याजाची असतात ना. अमेरिकेत उलटं, तिथं तीस वर्षांसाठी व्याज ठरूनच जातं. २०२१ ला ज्यांनी तीन टक्क्यांच्या आतबाहेर कर्ज घेतलं ते मग घर विकायलाच तयार होईनात, कारण विकून दुसरं घ्यायचं तर ऑक्टोबर २०२३ मध्ये नवीन कर्ज पावणेआठ टक्क्यांच्या पुढं गेलेलं. म्हणजे व्याज वाढलं तरी बाजारात घरंच येईनात, आणि नवीन पोरं बाहेरच.

आणि त्याच अमेरिकेत २००८ ला काय झालं ते आठवत असेल. ज्यांची फेडायची ऐपत नाही त्यांनाही कर्जं वाटली, घराचा भाव काय पडत नाही कधी ह्या भरवशावर, आणि ती कर्जं एकत्र बांधून जगभर विकली. भाव पडला आणि १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स बुडाली, लाखो कुटुंबं रस्त्यावर आली. चीनमध्ये एव्हरग्रांद नावाचा अवाढव्य बिल्डर २०२१ ला कर्ज फेडू शकला नाही, तिथं लोकांनी फ्लॅट तयार व्हायच्या आधीच पैसे भरलेले आणि बिल्डिंगी अर्ध्या राहिल्या. आपल्याकडं असले अर्धे सांगाडे कमी नाहीत, त्यातनंच बिल्डरनं प्रकल्प सरकारदरबारी नोंदवायचा असा २०१६ चा रेरा कायदा आला. बुकिंग करताना प्रकल्पाचा महारेरा नंबर बघा म्हणून मी सगळ्यांना सांगतो ते ह्यासाठी.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. आपल्याकडं घर नाही म्हणून लोक रडतात आणि त्याच शहरात फ्लॅट कुलूप लावून पडलेत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरी भागात १ कोटी ११ लाख घरं रिकामी सापडली, आणि २०१२ ला सरकारच्याच तज्ज्ञ गटानं शहरात १ कोटी ८८ लाख घरांचा तुटवडा मांडला, त्यातला ९५ टक्क्यांच्या वर तुटवडा गरीब आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचा. हे दोन्ही एकाच वेळी कसं? मगाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं ते आता काढा. ४२ लाखाच्या फ्लॅटचं भाडं महिन्याला दहा हजार म्हणजे वर्षाला एक लाख वीस हजार, टक्क्यात काढलं तर तीनच्याही आत, बँकेत एफडी केली तरी जास्त मिळतात. मग माणूस फ्लॅट घेतो कशाला, तर भाव वाढेल म्हणून, सोन्यासारखं. भाड्याचं त्याला फार पडलेलंच नसतं, उलट भाडेकरू आत शिरला तर निघणार नाही ही भीती. ती भीती पण हवेतली नाही, १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं मुंबईत भाडी वर्षानुवर्षं गोठून राहिली, मालकांनी दुरुस्त्या सोडल्या, पागडी आली, आणि अकरा महिन्यांच्या कराराची सवय सगळ्या महाराष्ट्राला लागली. भाडं गोठवायचं काम अलीकडं बर्लिननं पण केलं, २०२० ला कायदा आणला, राहणाऱ्यांना स्वस्त झालं पण भाड्यानं द्यायच्या जाहिराती कमी झाल्या, नवीन येणाऱ्याला घर मिळेना, आणि एप्रिल २०२१ ला जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं कायदाच रद्द केला.

रिकाम्या घरांची दुसरी जात पण आहे. जपानमध्ये २०२३ च्या सरकारी पाहणीत ९० लाख घरं रिकामी निघाली, खेड्यातलं घर जवळजवळ फुकट मिळतंय, तरी माणसं टोकियोलाच जातात. आपल्याला हे समजावून सांगायला लागत नाही. खानापूर-आटपाडीकडं जाऊन बघा, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात देशभर पांगलेल्या लोकांनी गावात दोनमजली देखणे बंगले बांधलेत, फरशी चकचकीत, गेटला कुलूप, वर्षातनं एकदा जत्रेला उघडतात. आणि तेच कुटुंब कुठल्यातरी लांबच्या शहरात दुकानाच्या माळ्यावर राहतंय. घर म्हणजे चार भिंती असत्या तर काहीच प्रश्न नव्हता, पण घर म्हणजे रोजगार, शाळा, दवाखाना, बस ह्यांच्या जवळची जागा, आणि तिथं सगळे एकाच वेळी दाटतात.

मग कुणाला जमलंय का हे? पूर्ण कुणालाच नाही, पण दोन शहरं मला फार विचार करायला लावतात. एक व्हिएन्ना. पहिल्या महायुद्धानंतर तिथं कामगारांचे फार हाल होते, १९२३ ला शहरानं घरबांधणी कर लावला, मोठ्या घरवाल्यांना जास्त आणि छोट्यांना अगदी कमी, आणि त्या पैशातनं १९३४ पर्यंत ६० हजारांच्या वर भाड्याची घरं बांधली. त्यातलं कार्ल मार्क्स होफ १,३८२ घरांचं, एक किलोमीटरच्या वर लांब, आत धुणीघर, बालवाडी, दवाखाना. आज शंभर वर्षांनी पण तिथली जवळपास निम्मी माणसं महापालिकेच्या किंवा मर्यादित नफ्याच्या संस्थांच्या घरात राहतात, त्यात मास्तर पण आहे, इंजिनियर पण आहे, फक्त गरिबांची चाळ असं त्याचं रूप होऊ दिलं नाही. दुसरं सिंगापूर, तिथं १९६० ला गृहनिर्माण मंडळ काढलं, १९६६ ला जमीन संपादनाचा कडक कायदा केला, जमीन सरकारकडं घेतली आणि तिच्यावर टॉवर बांधून ९९ वर्षांच्या लीजवर लोकांना विकले, प्रॉव्हिडंट फंडातनं हप्ता भरायची सोय दिली. आज तिथले पाचातले जवळजवळ चार रहिवासी असल्याच सरकारी घरात राहतात. जमीन ज्या भावानं घेतली तो मालकांवर अन्याय होता असं म्हणणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. पण दोन्हीकडं एक गोष्ट सारखी बघा, त्यांनी फ्लॅट घेणाऱ्याच्या खिशात पैसे घालायच्या आधी जमीन ताब्यात घेतली. आपण घर घेणाऱ्याला व्याजात सबसिडी देतो, जमीन आहे तिथंच सोडतो, आणि मग ती सबसिडी कुठं जाऊन बसते ते मी वर सांगितलंच.

आपल्याला सिंगापूरसारखी जमीन घेता येणार नाही, घेऊ पण नये, इथल्या शेतकऱ्याचा तो अर्धा जीव आहे. पण एक रस्ता आपल्याच कायद्यात आहे, नगररचना योजना, लोक टीपी स्कीम म्हणतात. सगळ्या शेतकऱ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातनं रस्ते, नाले, शाळा, बाग आणि गरिबांच्या घरांसाठी जागा काढायची, आणि उरलेली जागा चौकोनी प्लॉट करून ज्याची त्याला परत द्यायची. आकारानं कमी मिळते पण रस्त्यावरची मिळते म्हणून किमतीनं जास्त. अहमदाबाद अशाच पद्धतीनं पसरत गेलं, मुंबई प्रांताचा १९१५ चा कायदा गुजरातचा आणि आपला एकच होता, त्यांनी तो वापरत ठेवला आणि आपण फाईलीत. शामरावनगरच्या जागी तीस वर्षांपूर्वी कुणी असं केलं असतं तर नाल्याला जागा राहिली असती, मावशीची बटणं खाली राहिली असती. आणि दुसरं मला कुपवाडसाठी वाटतं, एमआयडीसीच्या जवळ चांगली भाड्याची घरं. सगळ्यांनी मालकच झालं पाहिजे हा हट्ट कशाला? भाच्याला आज घर पाहिजे ते कामाच्या जवळ, पाणी न येणारं आणि मालक दर अकरा महिन्यांनी हाकलणार नाही असं. व्हिएन्नात माणसं चाळीस चाळीस वर्षं भाड्याच्या घरात सुखानं राहतात, कारण घरातनं काढलं जाणार नाही ह्याची त्यांना खात्री असते.

हे सगळं नंतर ऐकवलं तेव्हा भाचा म्हणाला, "ते झालं मामा, पण मी आत्ता काय करू?" मी त्याला ४२ लाखाच्या नादाला लागू नको म्हटलं. भाड्यानं रहा, २९ हजारांच्या हप्त्याच्या जागी दहा हजार भाडं जाईल, वरचे जेवढे उरतील तेवढे दर महिन्याला बाजूला काढ, डाऊन पेमेंट वाढलं की कर्ज कमी लागेल. मान हलवली त्यानं, पण मग खिशातनं एक चिठ्ठी काढली, मित्रानं गावाबाहेर दीड गुंठ्याचा प्लॉट सांगितलाय, नोटरीवर, अगदी स्वस्तात. मी त्याला नाही म्हटलं नाही. सातबारा काढ, एनएचा आदेश आहे का विचार, झोन दाखला घे, पूररेषेच्या नकाशावर तो गट नंबर कुठं येतो ते मी ऑफिसात बघून देतो म्हटलं, आणि प्लॉट उन्हाळ्यात बघायचा नाही. जुलैमध्ये चांगला दोन दिवस पाऊस लागला की दोघंही जाणार आहोत, गमबूट घालून, मी टेप घेणार आहे.